आधी कागद जाळले

लंडनपासून उत्तरेला, पायी दिवसभराच्या अंतरावर, सेंट ऑल्बन्स हे गाव आहे. मध्ययुगात त्या गावावर तिथल्या मठाची जमीनदारी होती. दळण मठाच्याच गिरणीत न्यायचे आणि दळणावळ मठाला द्यायची, असा दंडक होता. घरच्या जात्यावर दळण्याची मुभा नव्हती. गावकऱ्यांनी हा दंडक अनेकदा मोडला, कज्जे झाले, मारामाऱ्या झाल्या. शेवटी १३३०च्या सुमारास मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या दालनात फरशी म्हणून बसवले. गाऱ्हाणे घेऊन जो कोणी गावकरी त्या दालनात जाई, त्याला आपल्याच घरच्या जात्यावर पाय द्यावा लागे.

जवळजवळ ५० वर्षांनी, जून १३८१ मध्ये, गावकऱ्यांनी ती फरशी उखडली. दगड बाहेर आणले, फोडले आणि त्यांचे तुकडे आपसात वाटून घेतले. त्याच मठातला भिक्षू थॉमस वॉल्सिंगहॅम याने ही हकिगत लिहून ठेवली आहे. बंडखोरांबद्दल त्याच्या मनात तिळमात्र सहानुभूती नव्हती, तरी चर्चमध्ये रविवारी मंतरलेला पाव वाटतात तसे हे तुकडे वाटले गेले, हे त्याने नोंदवले. ज्यांनी जाती जप्त होताना पाहिली होती त्यांतले बहुतेक तोवर मातीआड झाले असतील. म्हणजे तो अपमान आजोबांकडून नातवंडांपर्यंत तोंडी पोहोचला होता.

त्याच दिवसांत गावकऱ्यांनी मठातले दस्तऐवज मागून घेतले आणि भर बाजारात जाळले. कोणी किती वेठ द्यायची, कोणाच्या मरणानंतर त्याचे कोणते जनावर मठाकडे जमा व्हायचे, हे सगळे त्या चर्मपत्रांवर होते. पण जाळून ते थांबले नाहीत. त्यांनी मठाधिपतीकडे एक जुनी सनद मागितली. शेकडो वर्षांपूर्वी ऑफा राजाने गावाला स्वातंत्र्य दिले, त्याची सनद मठाने दडवून ठेवली आहे, तिच्यातली अक्षरे एक सोनेरी, एक निळे अशी आहेत, अशी गावात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मठाधिपती म्हणाला, अशी सनद नाही. गावकऱ्यांचा विश्वास बसला नाही.

या पुस्तकाचा सगळा विषय मला या एका गावात दिसतो. सत्ता म्हटले की आपल्याला राजा, सैन्य, तुरुंग, फाशी आठवते. पण माणसांचे रोजचे जगणे ज्या सत्तेखाली जाते ती बहुतेक वेळा नोंदवहीत असते. जमीन कोणाच्या नावावर, देणे किती, कोणाचा बाप कोणाचा कूळ, कोण कोणाच्या मालकीचा. ज्याच्या हाती ही वही, त्याला रोज तलवार उपसावी लागत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या शतकांत, एकमेकांची नावेही न ऐकलेल्या लोकांनी उठाव केला तेव्हा पुन्हा पुन्हा कागदांवर झडप घातली. इतिहासकारांनी याला फार दिवस अडाणी जमावाचा अविचार मानले. मला हे मत साफ चुकीचे वाटते. कागदाची ताकद किती असते हे त्या लोकांना पुरते कळले होते, म्हणून त्यांनी ते जाळले. आणि ते केवळ जाळायला आले नव्हते, आपल्या हक्काचा कागद मागायलाही आले होते. जुना कागद जाळणे आणि नवा कागद मिळवणे यांच्यामधल्या अंतरात क्रांती टिकते किंवा हातची जाते. पुढची प्रकरणे त्या अंतराबद्दल आहेत.

१३८१चा उठाव करामुळे पेटला, पण त्याचे सरपण आधीच रचलेले होते. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसे नेली. हात कमी झाले, मजुरी चढली. जमीनदारांच्या पार्लमेंटने १३५१ मध्ये कायदा करून मजुरी साथीच्या आधीच्या दराला बांधली आणि जास्त मागणाऱ्याला शिक्षा ठरवली. त्यावर फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च. चार वर्षांत तीनदा डोईपट्टी बसली. १३७७ मध्ये ती माणशी ४ पेन्स होती, १३८०च्या अखेरीस १२ पेन्स झाली, म्हणजे थेट तिप्पट. एसेक्स आणि केंटमधून वॉट टायलरच्या मागे हजारो माणसे लंडनवर चालून गेली. राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय राजवाडा त्यांनी भस्मसात केला, मात्र लूट करायची नाही असा हुकूम होता, आणि चांदीची वस्तू चोरणाऱ्या आपल्याच माणसाला त्यांनी आगीत लोटल्याचे बखरकार सांगतात. टेंपल भागात वकिलांची दप्तरे रस्त्यावर आणून जाळली. या शिस्तीबरोबरच लंडनमध्ये परदेशी फ्लेमिश कारागिरांची कत्तल झाली, हेही सांगितले पाहिजे. अन्यायाविरुद्ध उठलेला माणूस त्याच दिवशी निरपराध्याचा गळा कापू शकतो, ही गोष्ट या पुस्तकात अनेकदा येते, आणि ती झाकायची नाही असे मी ठरवले होते.

१४ वर्षांच्या रिचर्ड राजाने माइल एंडच्या मैदानात वेठ रद्द करण्याचे वचन दिले. कारकून बसवून गावोगावच्या लोकांना सनदा लिहून दिल्या. लोक सनदा घेऊन घरी परतले. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला टायलर मारला गेला आणि २ जुलैला राजाने त्या सगळ्या सनदा रद्द केल्या. सेंट ऑल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. शाळेतल्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. प्रत्यक्षात पुढच्या १०० वर्षांत इंग्लंडमधली वेठ हळूहळू विरत गेली, कारण प्लेगच्या साथी परतत राहिल्या, माणसे दुर्मीळच राहिली आणि जमीनदाराला कूळ टिकवणे भाग पडले. कुळाचा नवा हक्क ज्या रूपात आला ते पाहण्यासारखे आहे. जमीनदाराच्या दप्तरात कुळाची जी नोंद असे तिची नक्कल कुळाला मिळू लागली आणि ती नक्कल हाच त्याचा मालकीचा पुरावा ठरला. नकलेवरची ही जमीनधारणा इंग्लंडमध्ये १९२६ उजाडेपर्यंत चालू होती. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या मराठी शेतकऱ्याला त्या नकलेचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

फ्रान्सची राज्यक्रांती सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिथे मी पॅरिसमध्ये रेंगाळलेलो नाही. १७८९ पूर्वीच्या काही दशकांत सरंजामदारांनी जाणकार नेमून जुनी दप्तरे उघडली होती आणि विस्मरणात गेलेली देणी शोधून पुन्हा वसूल करायला सुरुवात केली होती. १७८८च्या जुलैत गारपिटीने पिके झोपली, हिवाळा कडाक्याचा गेला. बास्तिय पडल्यावर खेड्यांत अफवा उठली की सरंजामदारांनी लुटारू सोडले आहेत. शेतकरी हत्यारे घेऊन जमले, लुटारू आलेच नाहीत, आणि मग ती माणसे गढ्यांकडे वळली. दप्तर दिले तिथे अनेकदा गढी वाचली. नाही दिले तिथे गढीच पेटली. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामशाही रद्द केल्याचे जाहीर केले, आणि आपण अनेकदा तिथेच टाळ्या वाजवून थांबतो. पण त्यानंतर निघालेल्या कायद्यांनुसार जमिनीवरची देणी फुकट सुटणार नव्हती, शेतकऱ्याने ती विकत घेऊन सोडवायची होती. १७९०च्या मे महिन्यात भाव ठरला: रोख देण्याच्या २० पट, धान्यरूपाने देण्याच्या २५ पट. शेतकऱ्यांनी हा भाव कधी मान्य केला नाही. त्यांनी देणी दिली नाहीत आणि ते दस्तऐवज जाळत राहिले. अखेर १७ जुलै १७९३ रोजी सारी देणी विनामोबदला रद्द झाली आणि ती सांगणारे दस्तऐवज जाळून टाकावेत असा हुकूम खुद्द कायद्याने काढला. चार वर्षांपूर्वी ज्या कृत्याला गुन्हा म्हटले, तेच आता सरकारी कर्तव्य झाले होते.

स्वातंत्र्य मिळाले तरी त्याची किंमत मालकाला चुकवायची, हा हिशेब मात्र तिथे संपला नाही. तो समुद्रापार गेला. हैतीवरचे प्रकरण या पुस्तकातले सर्वांत मोठे आहे, आणि का, ते इथेच सांगतो. मराठी वाचकाला हैती माहीत आहे तो २०१०च्या भूकंपामुळे आणि दारिद्र्याच्या बातम्यांमुळे. पण १७८९ मध्ये हीच भूमी, सां-दोमिंग या नावाने, फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. युरोपात जाणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा प्रचंड वाटा तिथून येई. तिथे सुमारे ५ लाख गुलाम होते आणि गोरे जेमतेम ३० हजार. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत गुलामांची नावे, वय आणि किंमत असे, आणि पुढच्याच पानावर खेचरे, बैल, कढया. उसाच्या कामावर माणसे इतक्या वेगाने मरत की आफ्रिकेतून नवी माणसे आणणे मालकांना परवडे.

२२ ऑगस्ट १७९१च्या रात्री उत्तरेच्या मैदानात मळे पेटले. काही आठवड्यांत शेकडो मळ्यांची राख झाली: ऊस, चरक, कोठारे आणि त्यांच्याबरोबर ती यादीही. दोन वर्षांनी फ्रान्सच्या कमिशनरला तिथली गुलामी रद्द करावी लागली आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसने सर्व वसाहतींसाठी ते मान्य केले. हक्कांचा जाहीरनामा फ्रान्समध्ये छापला गेला होता खरा, पण तो काळ्या माणसालाही लागू होतो हे सां-दोमिंगच्या गुलामांनी लढून सिद्ध केले. नेपोलियनने १८०१च्या अखेरीस आपल्या मेहुण्याला, लक्लेर्कला, फौज देऊन पाठवले. मुक्त झालेल्या गुलामांचा सेनापती तूसां लूव्हेर्त्यूर याला फसवून पकडले, तो १८०३च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या थंड डोंगरी किल्ल्यात मेला. पण नोव्हेंबरात व्हेर्तिएरला फ्रेंच फौज हरली आणि १ जानेवारी १८०४ रोजी तूसांचा सेनानी देसालीन याने हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले. गुलामांनी उठाव करून स्थापन केलेले असे राष्ट्र जगाच्या इतिहासात दुसरे नाही. त्याच वर्षी देसालीनच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, तीही त्या प्रकरणात आहे.

मात्र माझा खरा मुक्काम आहे तो विजयानंतरच्या वर्षांत. तूसांनेच १८०० मध्ये नियम काढून मोकळ्या झालेल्या माणसांना पुन्हा मळ्यांवर बांधले होते. मोबदला म्हणून उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळणार होता, पण मळा सोडून जायची मुभा नव्हती. फौज पोसायला पैसा हवा, पैसा साखरेतून येतो, अशी त्याची अडचण होती आणि ती खरी होती. लोकांना मात्र डोंगरात आपला तुकडा आणि त्यावर आपली केळी, आपले कंद हवे होते. मुक्तिदाता आणि मुक्त झालेली माणसे यांच्यातला हा ताण मला कोणत्याही लढाईपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मग १८२५चा जुलै उजाडला. फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सचा हुकूमनामा घेऊन १४ युद्धनौका पोर्तोप्रँसच्या बंदरात आल्या. हैतीला मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक, पाच वार्षिक हप्त्यांत. ही भरपाई होती मळेवाल्यांसाठी, त्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची. त्या मालमत्तेत माणसेही धरली होती. म्हणजे ज्यांनी स्वतःला सोडवले त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी आपलीच किंमत जुन्या मालकांना मोजायची. राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने सही केली. पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसच्या सावकारी पेढ्यांकडून ३ कोटींचे कर्ज काढले, हाती २ कोटी ४० लाखच पडले. बाकीचे आधीच कापून घेतले होते. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण एका कर्जासाठी दुसरे आणि दुसऱ्यासाठी तिसरे, अशी साखळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोहोचली. जाळलेली यादी पॅरिसमध्ये नव्याने तयार झाली होती.

सां-दोमिंग हातचे जाताना नेपोलियनला अमेरिकेतल्या लुइझियानात रस उरला नाही. १८०३ मध्ये त्याने तो अफाट मुलूख संयुक्त संस्थानांना दीड कोटी डॉलरला विकला. मिसिसिपीच्या त्या खोऱ्यात कापसाचे आणि उसाचे मळे फैलावले आणि त्यांच्याबरोबर गुलामी. हैतीतल्या माणसांनी बेड्या तोडल्याचा एक परिणाम म्हणून दुसरीकडे बेड्या वाढल्या, आणि याचा दोष हैतीच्या माथी मारता येत नाही. पुढे १८६१ ते १८६५ या काळात त्याच गुलामीवरून अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. दख्खनमध्ये कापसाचे भाव भडकले, सावकार उदार हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, पण वाढवलेला सारा आणि घेतलेले कर्ज तसेच राहिले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि चोपड्या जाळल्या.

सुप्याची गोष्ट या पुस्तकात येते ती आपली म्हणून नव्हे, या साखळीतली कडी म्हणून. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. झाले असे की दर तीन वर्षांनी सावकार नवे खत करून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात चढवी. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा देई. कोर्टात एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला: पाणी नाही, न्हावी नाही, चाकरी नाही. मेमध्ये सुप्याला ठिणगी पडली आणि पुणे व नगर जिल्ह्यांतल्या तिसाहून अधिक गावांत पसरली. पद्धत सगळीकडे जवळजवळ एकच: सावकाराच्या दारात जमायचे, खते मागायची, दिली की जाळायची आणि निघून जायचे. माणसांना इजा क्वचितच झाली. मात्र रोष मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता आणि गावच्या सावकाराला अनेक ठिकाणी कोणी हात लावला नाही, ही गोष्ट मला बोचते. व्याज तर दोघांचेही होते. सारा वाढवणाऱ्या सरकारपर्यंत तर ती आग पोहोचलीच नाही. १८७९च्या कायद्याने कर्जाचा मागचा इतिहास तपासण्याचा अधिकार कोर्टांना दिला आणि खते गावच्या निबंधकापुढे करण्याची तरतूद केली. जे सेंट ऑल्बन्सच्या कुळांना नकलेने थोडेफार मिळाले, तेच इथे अर्धेमुर्धे मिळाले: आपल्या कर्जाची नोंद केवळ सावकाराच्या घरात राहिली नाही.

रशियावरचे प्रकरण आटोपशीर आहे. १८६१ मध्ये झारने भूदास मुक्त केले आणि जमिनीची किंमत त्यांच्याकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायची ठरवली. १९०५च्या उठावानंतर, १९०७ मध्ये, ते हप्ते बंद झाले. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावात अंतोन पेत्रोव नावाच्या अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्याने १८६१चा तो जाडजूड कायदा वाचला आणि सांगितले की यात खरे स्वातंत्र्य लिहिलेले आहे, जमीनदार ते लपवताहेत. हजारो लोक त्याच्या झोपडीभोवती जमले. सैन्याने जमावावर गोळीबार केला आणि पुढे पेत्रोवला देहदंड दिला. सोनेरी-निळ्या अक्षरांच्या सनदेचीच ही पाचशे वर्षांनंतरची आवृत्ती.

महाडला याच्या उलट प्रश्न होता. तिथे कागद लोकांच्या बाजूचा होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला, आणि तरीही तळ्यावर जायची कोणाची हिंमत नव्हती, कारण दुसरा, त्याहून जुना कागद माणसांच्या मनावर राज्य करीत होता. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी घेतले. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली, त्या ठरावाला गंगाधर सहस्रबुद्धे यांचा पुढाकार होता. त्या दिवशीच्या भाषणात आंबेडकरांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली, आणि ती तुलना मी शब्दशः खरी मानतो. जन्माने ठरलेली देणी दोन्हीकडे होती. तळ्याचा दावा त्यानंतर दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सुटला. ग्रंथ जाळला एका रात्री, हक्काची नोंद व्हायला दशक गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काडी दुसऱ्या हातात गेलेली दिसते. ४ डिसेंबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टमध्ये गुप्त पोलिसांच्या कचेरीच्या धुराड्यातून धूर येताना लोकांनी पाहिला आणि काही स्त्रियांच्या पुढाकाराने नागरिक आत शिरले. या वेळी ते कागद वाचवायला आले होते. फाइली जाळल्या तर आपल्यावर काय केले गेले याचा पुरावा राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. जे कागद जळाले नाहीत ते अधिकाऱ्यांनी हातांनी फाडले आणि हजारो पोती भरली. ते तुकडे जुळवण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. १९९२च्या जानेवारीपासून नागरिकांना आपापली फाइल वाचता येऊ लागली. तिथे काहींना आपल्यावर पाळत ठेवणारा आपला शेजारी, क्वचित आपला जोडीदार सापडला.

शेवटचे प्रकरण केनियाचे आहे. तिथे ब्रिटिशांनी माऊ माऊ उठाव मोडताना हजारो लोकांना छावण्यांत कोंडले आणि छळले. साम्राज्य आवरताना १९६१ मध्ये लंडनहून वसाहतींना सूचना गेल्या: सरकारला अडचणीत आणतील असे कागद नव्या राज्यकर्त्यांच्या हाती पडू देऊ नका. जाळले तर राखही फोडून टाका, समुद्रात बुडवायचे तर वजन बांधलेल्या पेटाऱ्यांत, खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दूर. सगळे जळाले नाही. काही लंडनला गेले आणि पन्नास वर्षे हॅन्स्लोप पार्क इथल्या सरकारी कोठारात पडून राहिले. २००९ मध्ये काही वृद्ध केनियन लंडनच्या न्यायालयात उभे राहिले तेव्हा सरकारने आधी जबाबदारीच नाकारली. २०११ मध्ये, त्या खटल्याच्या रेट्याने, ३७ जुन्या वसाहतींच्या सुमारे ८,८०० फाइली असल्याची कबुली द्यावी लागली. ६ जून २०१३ रोजी ब्रिटिश सरकारने छळाबद्दल खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड मान्य केली.

त्या फाइलींत छावण्यांतल्या मारहाणीचे अहवाल होते, वरिष्ठांना ती ठाऊक असल्याची टिपणे होती, आणि आणखी एका प्रकारचे कागद होते: अमुक दस्तऐवज अमुक अधिकाऱ्यासमक्ष नष्ट केल्याचे दाखले. ते दाखले नीट तारखेनिशी लिहिलेले आहेत, आणि इतिहासकार आता त्यांवरून काय काय जाळले गेले याची यादी करीत आहेत.